बॉनेटला भोक पाडणारा माणूस

जुन्या गाडीच्या बॉनेटवर फायबरचा स्कूप बसवून फिरणारी मंडळी तुम्ही पाहिली असतील. आपल्या होस्टेलच्या गेटसमोरच्या गॅरेजमध्ये अशी एक जुनी एस्टीम बरेच दिवस उभी होती. लाल रंग, काळा स्कूप, एकदम झकास! प्रॉब्लेम एकच. स्कूपच्या खाली बॉनेटला भोकच नव्हतं. स्कूप डबल टेपने चिकटवलेला. हवा येणार, आपटणार आणि बाजूने निघून जाणार.

त्या गाडीला हसायचं म्हणून हे सांगत नाहीये. बॉनेटला खरं भोक पाडायचं म्हटलं की खरे प्रश्न सुरू होतात. कुठे पाडायचं? केवढं पाडायचं? आणि मुख्य म्हणजे त्यातून हवा आत घ्यायची की बाहेर सोडायची? हे शोधता शोधता मी ब्रूस मॅक्लारेनपर्यंत पोचले. मॅक्लारेन हे नाव होस्टेलमध्ये सगळ्यांना पाठ आहे, कुणाला गेममुळे, कुणाला भिंतीवरच्या पोस्टरमुळे. पण ते एका माणसाचं आडनाव आहे आणि तो माणूस वयाच्या ३२ व्या वर्षी गेला, हे माझ्या रूममेट्सपैकी एकीलाही माहीत नव्हतं. म्हणून हा लेख.

ब्रूसचा जन्म ३० ऑगस्ट १९३७ चा, न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरातला. वडील लेस मॅक्लारेन यांचा रेम्युएरा भागात पेट्रोल पंप आणि त्याला लागून गॅरेज. लेस स्वतः एके काळी मोटरसायकलच्या शर्यतीत उतरायचे. म्हणजे पोरगं ऑइल-ग्रीसच्या वासातच वाढलं म्हणा ना. नऊ वर्षांचा असताना ब्रूसचा खुबा दुखायला लागला. निदान झालं पर्थेस. यात मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याला होणारा रक्तपुरवठा तुटतो आणि हाड झिजत जातं. त्या काळी यावर उपाय एकच, पायावर अजिबात भार न टाकणं. ऑकलंडजवळ ताकापुना इथे विल्सन होम नावाची अपंग मुलांची संस्था होती. तिथे त्याला ठेवलं. दोन-अडीच वर्षं गेली, त्यातला बराच काळ फ्रेमला बांधून, आडवं पडून. रग्बीसाठी वेडा असलेला देश आणि नऊ-दहा वर्षांचा मुलगा छताकडे बघत पडलेला. पाय वाचला, पण डावा पाय उजव्यापेक्षा सुमारे दीड इंच आखूड राहिला तो कायमचा. आयुष्यभर तो लंगडत चालला. गाडीत बसला की मात्र लंगडणं कुणाला दिसत नसे.

घरी आल्यावर वडिलांनी एक ऑस्टिन सेव्हन अल्स्टर आणली. १९२९ सालची, ७४७ सीसीची, तुकड्या-तुकड्यांत सुटी झालेली. लेस यांचा विचार होता की जोडायची आणि विकून चार पैसे मिळवायचे. ब्रूसने ती विकू दिली नाही. बाप-लेकांनी ती बोल्ट बाय बोल्ट उभी केली, आणि ब्रूस घरामागच्या झाडांमधून तिला इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवत चालवायला शिकला. १९५२ मध्ये मुरीवाईच्या टेकडीवरच्या शर्यतीत त्याने ती पहिल्यांदा उतरवली आणि आपल्या गटात जिंकला. तीच ऑस्टिन इंग्लंडमध्ये वोकिंगला, मॅक्लारेन कंपनीच्या मुख्यालयात जपून ठेवलेली आहे.

आता आपल्या जवळचा भाग. ब्रूस इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता! ऑकलंड युनिव्हर्सिटीचं इंजिनिअरिंग स्कूल तेव्हा शहराबाहेर अर्डमोरला होतं, युद्धकाळातल्या जुन्या विमानतळाच्या आवारात. आणि न्यूझीलंड ग्रांप्री ही देशातली सगळ्यात मोठी शर्यतही त्याच अर्डमोरच्या धावपट्टीवर भरायची. कल्पना करा, कॉलेजच्या आवारातच ग्रांप्री. अटेंडन्सचं काय होणार सांगायलाच नको. डिग्री त्याने पूर्ण केली नाही. १९५८ मध्ये तिथल्या ग्रांप्री संघटनेने एका होतकरू ड्रायव्हरला युरोपला पाठवायची स्कॉलरशिप सुरू केली आणि तिचा पहिला मानकरी ब्रूस ठरला. वय वीस. म्हणजे आपल्या थर्ड इयरचं वय.

युरोपात त्याचं नाव व्हायला वेळ लागला नाही. ऑगस्ट १९५८ च्या जर्मन ग्रांप्रीत, न्युर्बुर्गरिंगच्या डोंगराळ ट्रॅकवर, फॉर्म्युला टू गाड्याही फॉर्म्युला वनसोबतच धावत होत्या. ब्रूस त्या लहान गाड्यांत पहिला आला आणि एकूणात पाचवा. लगेच पुढच्या वर्षी तो कूपर टीममध्ये जॅक ब्रॅबमचा जोडीदार झाला. ब्रॅबम ऑस्ट्रेलियाचा, न्यूझीलंडला यायचा तेव्हा मॅक्लारेनांच्या घरी उतरायचा, ब्रूसची आधीची कूपरही त्याच्याकडूनच आलेली. १२ डिसेंबर १९५९ ला अमेरिकेत सेब्रिंगला शेवटच्या लॅपमध्ये पुढे असलेल्या ब्रॅबमचं पेट्रोल संपलं. मागून येणारा ब्रूस जिंकला. ब्रॅबमने गाडी ढकलत रेषेपार नेली, चौथा आला आणि वर्ल्ड चॅम्पियन झाला. ब्रूस तेव्हा २२ वर्षं १०४ दिवसांचा. इंडियानापोलिसची शर्यत सोडली तर इतक्या लहान वयात वर्ल्ड चॅम्पियनशिपची ग्रांप्री कुणी जिंकली नव्हती. हा रेकॉर्ड २००३ मध्ये फर्नांडो अलोन्सोने मोडला, तब्बल ४४ वर्षांनी. पुढे १९६० ची अर्जेंटिना आणि १९६२ ची मोनॅको ग्रांप्री त्याने जिंकली. ड्रायव्हर म्हणून तो जबरदस्तच होता, पण जिम क्लार्कसारखा जादूगार नव्हता, असं माझं मत. त्याची ताकद वेगळी होती. तो गाडी चालवताना गाडीचं ऐकत असे. चाचणी करून परत आला की काय बिघडलंय आणि का बिघडलंय, हे त्याला सांगता यायचं. आपल्याकडे प्रॅक्टिकलमध्ये रीडिंग घेणारे पुष्कळ, रीडिंग चुकीचं का येतंय हे ओळखणारे किती?

१९६३ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली, ब्रूस मॅक्लारेन मोटर रेसिंग. नाव भारी, पण जागा म्हणजे न्यू माल्डनमधली एक मळकट शेड. जमीन मातीची आणि सोबतीला रस्त्याच्या कामाचं एक अवजड यंत्र. टीमची सुरुवातही दुःखात झाली. १९६४ च्या उन्हाळ्यात (तिकडचा उन्हाळा म्हणजे आपला हिवाळा) ही मंडळी टास्मन सीरिजसाठी न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात होती. ब्रूसचा तरुण अमेरिकन जोडीदार टिमी मेयर टास्मानियात लाँगफर्डला सरावात अपघातात गेला. ब्रूसने ती सीरिज जिंकली, पण आनंद कुणाला होणार? टिमीवर त्याने लिहिलेला मृत्युलेख आजही रेसिंगवाले काढून वाचतात. टिमीचा भाऊ टेडी मेयर वकील होता. तो ब्रूसला सोडून गेला नाही, उलट कायमचा टीममध्ये आला. पुढे कंपनी टिकली त्यात त्याचा मोठा वाटा.

त्याच वर्षी ब्रूसने झेरेक्स स्पेशल नावाची एक वापरलेली स्पोर्ट्स रेसिंग गाडी विकत घेतली. मूळची ती फॉर्म्युला वनची कूपर, अमेरिकेत रॉजर पेन्स्केने तिला स्पोर्ट्स कारची बॉडी चढवून शर्यती जिंकलेल्या. म्हणजे जुन्या गाडीवर केलेलं कस्टम कामच. ब्रूसच्या पोरांनी तिची मधली चासी कापून नवी बनवली आणि ओल्डस्मोबिलचं हलकं अ‍ॅल्युमिनियमचं व्ही-८ इंजिन टाकलं. कॅनडात मॉस्पोर्टची शर्यत डोक्यावर आलेली. सायलेन्सरचे पाइप नीट वळवून मागे न्यायला वेळच नव्हता. मग आठ आखूड पाइप मागच्या झाकणातून सरळ वर काढले. रंगसुद्धा हार्डवेअरच्या दुकानातला, बागेच्या फाटकाला देतात तो हिरवा. या अवतारात गाडी मॉस्पोर्टला उतरली आणि जिंकली! आपल्या सबमिशनच्या आदल्या रात्रीच्या प्रोजेक्टसारखंच हे, फक्त त्यांचं चाललं.

आता बॉनेटकडे येऊ. साठच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. ब्रूस एका नव्या स्पोर्ट्स रेसिंग गाडीची चाचणी घेत होता. घाईत कुणीतरी पेट्रोलच्या तोंडावरचं छोटं झाकण नीट बंद केलं नव्हतं आणि ते त्याच्या डोळ्यासमोर फडफडत होतं. आधी तो वैतागला. मग त्याच्या लक्षात आलं की हे उलटं चाललंय. वेग वाढला की वरून वाहणाऱ्या हवेने झाकण घट्ट दाबलं जायला हवं. इथे तर वेग वाढेल तशी फडफड वाढतेय. म्हणजे वरच्या दाबापेक्षा खालचा दाब जास्त आहे. बॉडीच्या आत हवा कोंडली आहे आणि ती बॉडीला वर उचलते आहे. तो पिटमध्ये आला, पत्रा कापायची कात्री घेतली आणि पुढच्या नाकाडावर, रेडिएटरच्या मागे, बॉडी सरळ कापून काढली. परत ट्रॅकवर गेला तर लॅप टाइम लगेच कमी!

असं का झालं ते आपल्या भाषेत बघू. हवा नाकातून आत शिरते, रेडिएटरमधून गरम होऊन बाहेर येते, पण पुढे तिला जायला वाटच नसते. ती चाकांच्या खाचांत, गाडीच्या खाली, ड्रायव्हरच्या पायांपाशी कोंडते. पुढची चाकं हलकी होतात, वळणावर पकड जाते. आणि गंमत म्हणजे नाकाडाच्या वरच्या फुगीर भागावर हवा वेगाने वाहते, तिथे दाब कमी असतो (बर्नूली, सेकंड इयर, विसरला नसाल तर). तिथेच भोक पाडलं की कोंडलेली हवा आपोआप वर खेचली जाते. रेडिएटर थंड राहतो, नाक खाली बसतं. एका कापण्यात दोन कामं. मॅक्लारेनच्या गाड्यांना या नाकपुड्या कायमच्या मिळाल्या.

म्हणजे बॉनेटच्या पुढच्या भागातलं भोक हवा बाहेर सोडायला चांगलं. आत घ्यायला जागा दुसरी. विंडस्क्रीनच्या पायथ्याशी हवा अडते आणि दाब वाढतो, म्हणून शेवरलेने १९६९ च्या कॅमारोसाठी मागे तोंड असलेला स्कूप दिला होता. दिसायला उलटा, पण हिशोबाने सरळ. आणि पुढे तोंड असलेला स्कूप? तो बॉनेटला चिकटून वाहणाऱ्या सुस्त थराच्या वर उचललेला असेल तरच कामाचा. तरी त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची ते स्वतः काढून बघा, अर्धा रो व्ही स्क्वेअर. ताशी १०० किलोमीटरला वाऱ्याचा दाब सुमारे ४६० पास्कल भरतो. वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्काही नाही! खरा फायदा थंड हवेचा. बॉनेटच्या आत ६० अंश आणि बाहेर ३० अंश असेल तर आतली हवा सुमारे नऊ टक्के विरळ असते. ती नऊ टक्के परत मिळवायला स्कूप लावायचा, दाबासाठी नाही.

पण हाच आकडा उलट बाजूने बघितला की घाबरायला होतं. ताशी २५० किलोमीटरला तोच दाब सुमारे २,९०० पास्कल होतो. इंजिनाला तीन टक्केसुद्धा नाही, पण एक चौरस मीटरच्या झाकणावर जवळजवळ ३०० किलो वजनाइतका जोर! झाकण पिनांवर धरलेलं असतं. हा आकडा लक्षात ठेवा.

पुढची पाच वर्षं ब्रूससाठी भराभर यशाची होती. फोर्डच्या जीटी४० प्रकल्पात तो चाचणी ड्रायव्हर होता आणि १९६६ ची ले मान्सची २४ तासांची शर्यत त्याने देशबांधव ख्रिस एमनबरोबर जिंकली. ‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’ सिनेमा हॉलमध्ये सगळ्यांनी मिळून पाहिलाय, शेवटाला गाड्या एकत्र आणतात तीच ही शर्यत. केन माइल्सवर अन्याय झाला म्हणून आपण हळहळतो, ते बरोबरच आहे. पण ज्याला पहिला ठरवलं तो कोण होता हे सिनेमा बघून फारसं कळत नाही, म्हणून सांगितलं. त्याच वर्षी मोनॅकोला ब्रूसने स्वतःच्या नावाची फॉर्म्युला वन गाडी पहिल्यांदा उतरवली. तिचं डिझाइन रॉबिन हर्ड या तरुण एरोस्पेस इंजिनिअरचं. कात्रीवाल्या टीममध्ये आता विमानाचं शास्त्र आलं होतं. १९६८ मध्ये बेल्जियममध्ये स्पाला तो आपल्याच गाडीतून ग्रांप्री जिंकला. शेवटच्या क्षणी पुढच्या स्टुअर्टला पेट्रोलसाठी थांबावं लागलं आणि आपण पहिले आलोय हे ब्रूसला शर्यत संपल्यावर दुसऱ्याकडून कळलं!

खरी सत्ता मात्र कॅन-अ‍ॅममध्ये. कॅनडा आणि अमेरिकेतली ही स्पोर्ट्स कारची सीरिज म्हणजे नियम जवळजवळ नाहीतच. इंजिन केवढंही घाला, बॉडी कशीही करा. नारिंगी रंगाच्या मॅक्लारेन आणि त्यात ब्रूस व डेनी हल्म हे दोन न्यूझीलंडर. १९६७ मध्ये सहापैकी पाच शर्यती. १९६९ मध्ये अकरापैकी अकरा, त्यातल्या सहा ब्रूसच्या आणि पाच हल्मच्या! सात लिटरची शेवरलेची व्ही-८ इंजिनं आणि त्यांचे हवा ओढणारे भोंगे मागच्या झाकणातून सरळ वर आलेले. स्कूपबिप काही नाही. पुढे नाकपुड्या, मागे भोंगे. १९६९ च्या गाडीचा उंच पंख खांबांवर उभा होता आणि ते खांब थेट चाकांच्या आधारांवर, म्हणजे हवेचा दाब बॉडीवर न येता सरळ टायरवर. डिझाइन म्हणून मला हे सगळ्यात आवडतं. पण दुसरीकडे असे पंख मोडून अपघात झाले होते आणि १९७० साठी त्यांच्यावर बंदी आली. मग नव्या एम८डी गाडीचा पंख खाली आला, मागच्या बॉडीच्या दोन शेपट्यांच्या मध्ये. लोक तिला बॅटमोबिल म्हणायला लागले. याचा अर्थ मागची चाकं जमिनीला दाबून ठेवणारा जोर आता त्या मागच्या बॉडीमधून येत होता. बॉडी जागेवर असेल तोपर्यंत.

ब्रूसच्या डोक्यात तेव्हा रस्त्यावर चालणारी मॅक्लारेनसुद्धा होती. एम६जीटी नावाची लाल गाडी तो स्वतः रोजच्या जाण्यायेण्याला वापरत असे. घरी बायको पॅटी आणि चार वर्षांची मुलगी अमांडा.

२ जून १९७०, मंगळवार. इंग्लंडच्या दक्षिणेला गुडवूडचा ट्रॅक. तिथल्या शर्यती १९६६ मध्येच बंद झाल्या होत्या, पण चाचणीसाठी टीम्स जात. ब्रूस एम८डी घेऊन लॅप मारत होता. एक बदल, थोड्या लॅप, परत पिट. लॅव्हंट स्ट्रेट या सरळ पट्ट्यावर भर वेगात मागची बॉडी सुटली आणि उडाली. पंख तिच्यासोबत. मागच्या चाकांवरचा जोर एका क्षणात गेला, गाडी गरगरली आणि मार्शल उभे राहतात त्या ट्रॅककडेच्या बांधावर आदळली. शर्यती बंद झालेल्या ट्रॅकवर त्या बांधाची कुणाला गरजही राहिली नव्हती. ब्रूस जागच्या जागी गेला.

झाकण फडफडताना बघून ज्याला हवा कळली, त्याचा जीव झाकण उडूनच जावा, हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. रात्री मेसमध्येसुद्धा बोलायची इच्छा नव्हती. पण त्याच्या कारखान्यातल्या लोकांनी काय केलं ते वाचायला परत उघडलं. टेडी मेयरने सगळ्यांना दुसऱ्या दिवशी घरी थांबायला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कामावर हजर. कॅन-अ‍ॅमची पहिली शर्यत बारा दिवसांवर होती, मॉस्पोर्टला, जिथे ती फाटकाच्या हिरव्या रंगाची गाडी जिंकली होती. हल्मचे दोन्ही हात मे महिन्यात इंडियानापोलिसला मिथेनॉलच्या आगीत भाजलेले, स्टिअरिंग धरणंही कठीण. ब्रूसच्या जागी डॅन गर्नीला बोलावलं. १४ जूनला गर्नी एम८डीमध्ये पहिला आला. हल्म त्या हातांनी पूर्ण शर्यत चालवून तिसरा आला, आणि सीझनच्या शेवटी चॅम्पियनही तोच झाला. त्या वर्षीच्या दहा शर्यतींपैकी नऊ मॅक्लारेनच्या गाड्यांनी जिंकल्या.